आभाळ दिसणारा मांडव

काल दुपारी आमच्या देवळाच्या आवारात ताडपत्री फडफडली आणि बाबांनी मान न उचलताच विचारलं, "मार्था, मांडवावर काय घातलंय गं?"

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजेड आणि अंधार कळतो, त्यापलीकडे फारसं काही नाही. पण तो आवाज त्यांनी बरोबर ओळखला, आणि ताडपत्री मी घातली नसतानाही मलाच अपराध्यासारखं झालं.

उद्या रविवारी आमचा कापणीचा सण. खेड्यांतली ख्रिस्ती मंडळी बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, लाल भोपळे, कधी पाय बांधलेली एखादी कोंबडीसुद्धा घेऊन येतात आणि देवाचे उपकार मानतात. देवळात एवढी माणसं मावत नाहीत, म्हणून आवारात मांडव घालतात. गेली पंधरा-सोळा वर्षं त्याचं छप्पर एकाच पद्धतीनं होतं. आडव्या तुराट्या, त्यांवर शिंदीच्या फांद्या, आणि त्याही इतक्या विरळ की खाली बसलेल्यानं वर बघितलं तर आभाळ दिसावं. असं का, ते जुन्या लोकांना ठाऊक होतं. त्यांतले बरेच गेले. नव्या पाळकसाहेबांना कोणी सांगितलंच नाही. तरुण माणूस, कामाचा उरक दांडगा. छप्पर बघून त्यांना वाटलं, गड्यांनी अंगचोरपणा केला. लगेच कुठूनशी नवीकोरी हिरवी ताडपत्री पैदा केली.

"हत्तीचा पाऊस आहे, बाई, हस्त नक्षत्र लागलंय. लोक भिजतील," ते म्हणाले.

बरोबरच बोलत होते. शाळेत चाळीस मुलींना मी नुसत्या नजरेनं गप्प करते, पण त्यांच्यापुढं माझी जीभ काही चालेना. "उद्या संध्याकाळपर्यंत सांगते," म्हटलं आणि बाबांचा हात धरून घरी आले. काय सांगायचं ते जुळवायला म्हणून आज सकाळी कागद पुढं ओढलाय.

आश्विन मला आवडत नाही, हे आधी सांगून टाकते. लोकांना त्यातलं निवळलेलं आभाळ आवडतं, माळावरची पिवळीधम्मक तरवडाची फुलं आवडतात. मला त्या फुलांचा वास आला की मी वाट बदलते. आमच्या सोलापूरचं सगळंच उलटं. बाकीच्या मुलखात या दिवसांत कापणीची घाई असते, आणि आमच्याकडे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, पेरणीला उभा असतो. खरीप म्हणून जी काही बाजरी आणि शेंगा येतात तेवढंच. आमचं खरं धान्य त्या वेळी पोत्यात, बियाणं म्हणून असतं. कापणीचा सण आम्ही पेरणीच्या तोंडावर करतो. लहानपणी मला हे मोठं हास्यास्पद वाटायचं. आता वाटत नाही.

माझ्या लहानपणी एका वर्षी शहरात प्लेगचे उंदीर पडले. माझ्या पिढीच्या माणसाला एवढं एक वाक्य पुरे. भिंतीकडेला, कोनाड्यात, धान्याच्या कणगीमागं मेलेला उंदीर सापडला, की दुसऱ्या दिवशी गल्ली उठायची. घराला कुलूप, बैलगाडीत भांडीकुंडी, आणि सगळं गाव बाहेर माळावर. ज्या घरात माणूस दगावलं त्याची कौलं काढून टाकत, आत ऊन पडावं म्हणून. गावात छपरं उघडी पडत होती आणि माळावर आम्ही नवी छपरं शाकारत होतो.

आमची वस्ती अक्कलकोटच्या रस्त्याला, सिदाप्पाच्या पडीक तुकड्यात होती. सिदाप्पा मूळचा मैंदर्गीकडचा, घरात कानडी बोलणारा, आमच्याशी मराठी. उंच, काळा, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता नेहमी ढगांकडे बघणारा. शेजारच्या शेतात त्याची पेरणी पावसासाठी अडली होती. झोपड्यांसाठी त्यानं गेल्या सालचा कडबा दिला, वर म्हणाला, "ऱ्हावा की निवांत. जमीन काय कुटं जात न्हाय."

माळावरसुद्धा माणसं आपापल्या जातीनंच उतरली. विणकरांच्या झोपड्या एकीकडे, तिथून दिवसभर तेलुगू ऐकू यायचं. मुसलमानांच्या दुसरीकडे. आम्ही ख्रिस्ती अगदी कडेला. आणि आमच्याही पलीकडे, कडेच्या कडेला, एकच झोपडी दाऊदकाकांची. दाऊदकाका बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी. रेल्वेत गार्ड होते. अलिबागकडचं मूळ, पण सोलापुरात इतकी वर्षं काढलेली की वाक्यावाक्याला 'की' म्हणायची सवय त्यांनाही लागलेली. त्यांची बायको रिबकामावशी, म्हातारी आई, आणि सहा वर्षांची सारा. दोन्ही कुटुंबं टोकाला पडल्यामुळं आमची गाठ पक्की झाली. चुलीतला विस्तव इकडून तिकडे जायचा, तसं बोलणंही.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी उपदेश करायचे. दाऊदकाकांशी त्यांचा वाद ठरलेला. बाबा म्हणायचे, "दाऊदराव, तुमचे सण म्हणजे सावली. जिची सावली ती वस्तूच आता आली. मग सावली कशाला धरून बसायची?"

दाऊदकाका हसून म्हणायचे, "मास्तर, सोलापूरच्या उन्हात सावलीला नाही कोण म्हणेल? बसू द्या की आम्हाला."

आणि दोघं चहा घ्यायचे. देवाधर्मावरचा इतका गोड वाद मी पुढं कधी ऐकला नाही. हल्ली तर माणसं साध्या मतावरून एकमेकांची तोंडं बघत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव कृपा. पाच वर्षांची, नुसती बडबडी. आमची झोपडी बाबांनी स्वतः शाकारली होती, पण मास्तरांचे हात ते. तिच्या अंथरुणाच्या बरोबर वर कडब्यात वीतभर भोक राहिलं. बाबा ते बुजवायला चढले तर हिनं भोकाड पसरलं. "ते नका बुजवू, बाबा! माझं आभाळ आहे ते!" दुपारी त्यातून घार दिसते, संध्याकाळी पहिली चांदणी तिथंच येते, असा तिचा दावा होता. बाबा हसले आणि खाली उतरले. म्हणाले, "राहू दे. पाऊस आलाच तर बघू."

आठ दिवसांनी तिला ताप भरला. काखेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी पहाटे एक सर येऊन गेली, आणि त्या भोकातून पाणी तिच्या अंगावर गळलं. आईनं पांघरूण बदललं, बाबांनी हातानं तिचं कपाळ पुसलं. दिवस वर यायच्या आत कृपा गेली.

प्लेग पाण्यानं होत नाही. उंदरानं, पिसवांनी होतो. हे मी आज शाळेत शिकवते, आणि बाबा तेव्हाही शिकवत होते. पण ठाऊक असणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. माळाच्या उतारावर तरवडाच्या झुडपांशेजारी बाबांनी स्वतः तिची पेटी खाली सोडली. पुस्तकात बघून प्रार्थना वाचली, शब्द न चुकता. त्यानंतर त्यांच्या तोंडून प्रार्थना अशी आलीच नाही. जेवायला बसलं की ते डोळे मिटायचे, ओठ उघडायचे, आणि काहीच निघायचं नाही. मग आई हळूच उपकारस्तुती म्हणून घ्यायची. मी डोळे किलकिले करून बाबांकडे बघायची. ते छपराकडे बघत असायचे.

छपराचा त्यांना ध्यासच लागला. दिसेल ती फट बुजवायची. कडब्यावर कडबा, त्यावर तट्ट्या, त्यावर स्टेशनावरून मागून आणलेली जुनी काळी ताडपत्री. आत दिवसासुद्धा अंधार. आई म्हणाली, "अहो, श्वास कोंडतो." ते म्हणाले, "कोंडू दे. गळत तर नाही." मला त्या दिवसांत बाबांची भीती वाटायची. आणि राग यायचा. बहीण माझीही गेली होती, पण मी कुणाच्या खिजगणतीत नव्हते.

दाऊदकाकांच्या घरावरही त्याच दिवसांत घाला पडला. दारं लावून करायचा त्यांचा मोठा उपास असतो. झोपडीला दार कुठलं? तर त्यांनी पोतं लावून तो केला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची आई गेली. तीन दिवस दाऊदकाका भुईवर बसून होते, दाढी वाढलेली, पायांत वहाण नाही. चौथ्या दिवशी मी बघते, तर ते अंघोळ करून स्वच्छ सदऱ्यात उभे, आणि झोपडीशेजारी चार मेढी रोवताहेत.

मी जाऊन उभी राहिले. "काका, हे काय?"

"मांडव. आमचा मांडवांचा सण आज संध्याकाळी लागतो."

"पण तुम्ही झोपडीतच राहता की! आणखी कशाला?"

ते थांबले. कपाळाचा घाम पुसला. "ती झोपडी भीतीनं बांधलेली, पोरी. ही सणाची," एवढंच म्हणाले आणि मला शिंदीची फांदी धरायला लावली.

छप्पर बघून मला हसू आलं. बाबांचंही छप्पर बरं, असं. तुराट्या मोजक्या, वर फांद्या नावाला. मी म्हटलं, "काका, गळणार हे." ते म्हणाले, "गळू दे की." रिबकामावशीनं मांडवाला हळदीचे हात पुसलेलं जुनं लुगडं बांधलं, मधोमध केळी टांगली. मुंबईहून गार्डाच्या डब्यातून कापसात गुंडाळलेलं एक महाळुंग आलं होतं. ते सणाचं फळ. सारानं आणि मी आळीपाळीनं त्याचा वास घेतला. प्लेगच्या माळावर, फिनेलच्या आणि जळणाऱ्या चिंध्यांच्या वासात, तो वास कुठून तरी दुसरीकडूनच आल्यासारखा होता. मी तो कृपाला सांगायला वळले आणि मग आठवलं.

आमचा कापणीचा सण त्याच आठवड्यातल्या रविवारी होता. मंडळीतले दोन वडीलधारे विचारायला आले. देऊळ तर बंद होतं, मग माळावरच जमायचं का? बाबा म्हणाले, "जमा. मी वचन वाचीन. प्रार्थना मात्र दुसऱ्या कोणी करा." ते एकमेकांकडे बघत उठले. त्यांच्या मागोमाग आई बाहेर गेली आणि तिला म्हणताना मी ऐकलं, "त्यांनाच करू द्या. नाही केली तर माझा माणूस मला परत मिळणार नाही."

बुधवार की गुरुवार असेल. सकाळपासून उकडत होतं, आणि दुपारी नैऋत्येकडून ढग चढले. सिदाप्पा बांधावर उभा राहून त्या ढगांना हात करत होता, घरचं माणूस यावं तसा. "मास्तर, आला बगा हत्ती! लई वाट बगाय लावली!" बाबांनी तिकडे बघितलं नाही. त्यांची नजर दाऊदकाकांच्या मांडवावर होती. काका गाडीवर ड्यूटीला गेलेले, रिबकामावशी विहिरीवर. मांडवात एकटी सारा बाहुली मांडीवर घेऊन बसलेली. तिच्या डोक्यावर त्या विरळ फांद्या, आणि त्यांतून उतरणारं काळंभोर आभाळ.

बाबा झटक्यात उठले. आमच्या झोपडीवर चढले, काळी ताडपत्री ओढून काढली, तट्ट्या काढल्या, आणि सगळं नेऊन त्या मांडवावर अंथरलं. कोपरे सुतळीनं बांधले, वर दगड ठेवले. मी दगड देत होते. आमची झोपडी उघडी पडली होती आणि बाबांच्या तोंडावर इतक्या दिवसांनी काहीतरी जिवंत दिसत होतं. मला वाटलं, चला, एक चांगलं काम झालं. आई दारात उभी राहून रडत होती, पण तेही बरं रडणं होतं.

तासाभरानं दाऊदकाका आले. हातात दिवा आणि हिरवं निशाण तसंच. मांडवापुढं थबकले. आत जाऊन वर बघितलं. बाहेर आले, पुन्हा बघितलं. मग आमच्याकडे आले.

"मास्तर, ही ताडपत्री तुमची?"

"हो. पाऊस येतोय."

"तुमचं छप्पर उघडं टाकून माझं झाकलंत." काकांनी निशाण काखेत धरलं. "हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मास्तर, ती काढावी लागेल."

"का?"

"त्याच्याखाली बसून आभाळ दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर तो मांडव नव्हे. नुसती खोली झाली ती."

बाबा ओरडले. माझ्या आयुष्यात ते एकदाच ओरडलेले मी ऐकलेत. "पोर बसते खाली तुमची! गळतं त्यातून! कळतं का तुम्हाला, गळतं! मी ठेवलं होतं भोक. ती म्हणाली म्हणून ठेवलं. लाड केले मी तिचे, आणि पाणी पडलं तिच्या अंगावर, शेवटच्या दिवशी, माझ्या हातानं ठेवलेल्या भोकातून!"

सगळा माळ ऐकत असावा. सारा बाहुली घेऊन मांडवातून बाहेर आली. दाऊदकाकांनी दिवा खाली ठेवला आणि बाबांचे दोन्ही दंड धरले.

"काय म्हणाली होती ती?"

बाबांना सांगता येईना. मी सांगितलं. "माझं आभाळ आहे ते, असं म्हणाली होती."

काकांनी बाबांचे दंड सोडले नाहीत. मग हळू म्हणाले, "मास्तर, माझी आई गेली. सात दिवस भुईवर बसायचं असतं. चौथ्या दिवशी सण आला, आणि सण आला की दुखवटा उचलायचा, असं आमचं शास्त्र. मला उठावंसं वाटत नव्हतं. खोटं कशाला सांगू, राग आला मला त्या शास्त्राचा. आनंद करा म्हणे! कसला आनंद? पण उठलो. आनंद झाला म्हणून नाही उठलो, सण आला म्हणून. आमचे वाडवडील चाळीस वर्षं रानात असल्याच छपराखाली राहिले. घर नाही, पेरणी नाही, कापणी नाही. पुढं घरं झाली, कोठारं भरली, तेव्हा हुकूम आला, की वर्षातून सात दिवस पुन्हा त्याच गळक्या छपराखाली बसा. भिंती तुम्हाला राखत नाहीत, हे विसरू नका." ते थांबले. "आम्हाला हे आठवायला सण लागतो. तुमच्या पोरीला नाही लागला. तिनं स्वतःच मांडव करून घेतला होता."

बाबा खाली बसले. मग उठले आणि चालू लागले. मला वाटलं कृपाकडे जाताहेत. पण ते मांडवाकडे गेले. दगड काढले, सुतळी सोडली. एका बाजूनं काकांनी धरली, एका बाजूनं बाबांनी, आणि ताडपत्री घडी करून ठेवली.

रिबकामावशीनं सगळ्यांना मांडवात बसवलं. नव्या धान्याच्या खिरीचा त्यांचा सण त्या वर्षी झोपड्या बांधण्याच्या धांदलीत राहून गेला होता. म्हणून तिनं ती खीर आता केली होती, नारळाच्या रसातली, गूळ घालून. वाट्या हातात येतात न येतात तोच पाऊस आला. टपोरे थेंब, फांद्यांतून सरळ वाटीत. पाऊस आला तर उठून आत जायची मुभा असते, असं मावशी दोनदा म्हणाली. आम्ही मुली काकांच्या झोपडीत पळालो, आईही आत आली. ते दोघं उठले नाहीत. बाबांनी मान वर केली होती आणि त्यांच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. त्यातलं पावसाचं किती आणि त्यांचं किती, ते मला दारातून कळत नव्हतं. पण खांदे हलत होते. दाऊदकाका शेजारी पाण्यानं भरत चाललेली वाटी घेऊन नुसते बसून होते.

पाळक लोक सांगतात, यहुद्यांचे मोठे सण तीन. मिसरातून सुटल्याचा वल्हांडण आमच्यासाठी क्रुसावर पुरा झाला. गव्हाच्या कापणीचा पन्नासावा दिवस, त्याचं आम्ही पवित्र आत्मा उतरल्याचा सण केलं. तिसऱ्याचं, म्हणजे या मांडवांच्या सणाचं, आम्ही काहीच केलं नाही. तो आमच्या दिनदर्शिकेत नाही. शेवटी सगळं पीक घरात येईल तेव्हा तो पुरा होईल, असं म्हणून सगळे पुढं जातात. बाबाही असंच शिकवायचे. त्या वर्षानंतर त्यांचं शिकवणं बदललं. ते म्हणायला लागले की येशू स्वतः त्या सणाला गेला होता. फांद्यांच्या छपराखाली बसला असेल, वर बघितलं असेल. तहानलेल्यांना हाक मारली ती त्याच सणात. आणि देव माणसांत आला तेव्हा त्यानं चिरेबंदी घर बांधलं नाही, असलाच एक मांडव घातला, दुखणारा, गळणारा, आपल्यासारख्याच माणसाच्या अंगाचा. सावलीत बसून दाऊदरावांनी मला वस्तू दाखवली, असं बाबा उघड सांगायचे. मंडळीतल्या काहींना ते रुचायचं नाही.

रविवारी माळावर जमलो. आमच्या लोकांनी घातलेला मांडव चांगला घट्ट शाकारलेला होता. बाबा आले, वर बघितलं, आणि मेढीवर चढून त्यांनी मधला कडबा दोन्ही हातांनी बाजूला केला. आभाळाचा निळा तुकडा उघडा पडला. पुढ्यात देवाला वाहायला आणलेलं ते काय, ओंजळभर शेंगा, दोन-चार कणसं, एक भोपळा. पाऊस होऊन सिदाप्पाच्या पेरणीच्या पाभरी चालल्या होत्या. तो आमच्या धर्माचा नव्हे, पण चिखलाच्या पायांनी आला आणि धोतराच्या ओच्यातलं मूठभर शाळूचं बी तिथं ओतलं. "पेरून उरलं, मास्तर. ठेवा की तुमच्या देवाम्होरं."

एकानं नंतर मला समजावलं, की बी मातीत जातं तशीच कृपाही मातीत गेली, उगवेल. मला तो दृष्टांत तेव्हाही आवडला नाही आणि आजही आवडत नाही. कृपा बी नव्हती, माझी बहीण होती. बाबांनी तसं काही म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

वचन वाचून झालं. प्रार्थनेची वेळ आली आणि बाबांनी पुस्तक मिटलं. डोळे मिटले. ओठ उघडले, आणि पुन्हा तेच. माणसं चुळबुळली. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती उठणार, स्वतः प्रार्थना म्हणणार, असं मला वाटलं. मागं, वस्तीच्या कडेला, दाऊदकाका साराला कडेवर घेऊन उभे होते. बाबांनी डोळे उघडले, त्या निळ्या तुकड्याकडे बघितलं, आणि बोलले. फार मोठ्यानं नाही.

"प्रभू, शेवटपर्यंत तिला आभाळ दिसत होतं. तुझे उपकार मानतो."

पुढं काही नव्हतं. आमेन म्हणायलाही लोकांना वेळ लागला. आईच्या हाताची पकड सुटली. त्या दिवशी दुपारी भाकरीवर बाबांनी स्वतः उपकारस्तुती केली, साधी, नेहमीची, आणि आईनं पदराआड तोंड नेलं.

एवढं लिहून मी दुपारी पाळकसाहेबांकडे गेले आणि कागद त्यांच्या हातात दिले. बोलून सांगायची माझी छाती नव्हती. त्यांनी उभ्यानंच वाचले. वाचून झाल्यावर कागद नीट घडी करून मला परत दिले आणि गड्याला हाक न मारता स्वतःच शिडी आणायला गेले.

बाबा मांडवात खुर्चीवर बसले होते. ताडपत्री ओढली गेली तेव्हा वरून थोडा पाचोळा पडला, आणि ढगांतला मळकट उजेड खाली उतरला.

"निघाली का गं?"

"निघाली, बाबा."

त्यांनी तोंड वर केलं. त्यांना काही दिसलं नसणार, हे मला ठाऊक आहे. हत्तीचा एक जाड थेंब फांद्यांतून सुटून त्यांच्या कपाळावर पडला. मी पदर पुढं केला, तर त्यांनी माझा हात धरून थांबवला, आणि थेंब तसाच खाली ओघळू दिला.